मोजे काढून पाय बघण्याचे पैसे

"मोजे काढा बघू." बारा-पंधरा वर्षं मधुमेह असलेल्या माणसाला त्याच्या डॉक्टरनं अधूनमधून एवढं म्हणायला हवं. मग नायलॉनचा एक तंतू, १० ग्रॅमचा दाब पडला की वाकेल असा, तळव्यावर ठिकठिकाणी टेकवायचा. माणसानं डोळे मिटून 'कळलं', 'कळलं' म्हणत राहायचं. करंगळीच्या मुळाशी तंतू टेकवला आणि तो गप्पच राहिला, तर तिथली जाणीव गेली असं समजायचं. वाकून बघावं तर नेमकी तिथंच बूट घासून कातडी लाल झालेली. त्याला पत्ताच नाही, कारण दुखतच नाही ना! बूट बदला, रोज रात्री आरशात तळवा बघत जा, पंधरा दिवसांनी परत दाखवा. सगळं मिळून सात-आठ मिनिटांचं काम.

हे झालं नाही असं धरू. लाल डागाची जखम होते, जखम चिघळते, हाडापर्यंत जाते आणि एक दिवस आधी बोट, मग पाऊल कापावं लागतं. त्या कापण्याला दर आहे. भूल देण्याला आहे, खाटेला आहे, ड्रेसिंगला आहे, पुढं कृत्रिम पायालाही आहे. मोजे काढायला लावणाऱ्या डॉक्टरला मात्र नेहमीच्या तपासणीची फी मिळते, आणि तेवढ्या वेळात बाहेर ताटकळलेले दोन पेशंट उरकता आले असते हा हिशेब त्याच्या डोक्यात असतोच. वाचलेल्या पायाचं बिल फाडता येत नाही.

आरोग्यसेवेतल्या पैशाचा सगळा घोळ मला या एका गोष्टीत दिसतो. डॉक्टर लोभी आहेत म्हणून हे होतं, असं मी म्हणत नाही. लोभी डॉक्टर असतात, जसे लोभी वकील असतात आणि लोभी कंत्राटदारही. पण प्रामाणिक डॉक्टरलाच ज्या व्यवस्थेत तोटा होतो, तिथं लोभावर प्रवचनं झोडून काय उपयोग? दर सेवेमागे पैसे द्यायची पद्धत, म्हणजे फी-फॉर-सर्व्हिस, केलेल्या कामाची किंमत जाणते. टळलेल्या दुखण्याची तिला ओळखच नाही.

बरं, ही दरपत्रकं आभाळातून पडत नाहीत. १९९२ साली अमेरिकेतल्या मेडिकेअर या सरकारी विमा योजनेनं डॉक्टरांच्या कामाचं नवं मोजमाप लागू केलं. हार्वर्डचे अर्थतज्ज्ञ विल्यम श्याओ यांच्या चमूनं प्रत्येक कामाला लागणारा वेळ, कौशल्य आणि ताण मोजून ते बांधलं होतं. पेशंटशी बोलण्याच्या, विचार करून निदान करण्याच्या कामाला न्याय मिळावा हा त्यामागचा एक हेतू होता. पण हे आकडे वेळोवेळी सुधारण्याच्या शिफारशी जी समिती करू लागली, ती अमेरिकन मेडिकल असोसिएशनची, आणि तिच्यात बहुसंख्य सभासद स्पेशालिस्ट. वाढपी ओळखीचा असला की पंगतीत कुठंही बसलं तरी चालतं म्हणतात, तसं झालं. उपकरणं आणि शस्त्रक्रियांची पानं भरत गेली, ऐकून घेणाऱ्याचं पान कोरडं राहिलं.

याच्या जोडीला एक जुना हिशेब ठेवून बघा. १९६१ साली केर व्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा प्रश्न विचारला होता: हजार प्रौढ माणसं घेतली, तर एका महिन्यात त्यांच्या आजारपणाचं काय होतं? उत्तर असं आलं की साडेसातशे जणांना काही ना काही दुखणं होतं, अडीचशे डॉक्टरकडं जातात, नऊ जण इस्पितळात दाखल होतात, आणि विद्यापीठाच्या मोठ्या रुग्णालयात पोचतो तो एकच. त्या एकाभोवती आपण वैद्यकीय शिक्षण उभं केलं, त्या नऊ जणांभोवती पैसा. अमेरिका २०२३ साली आरोग्यावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या १७.६ टक्के खर्च करत होती. त्यातला पहिल्या पायरीवरच्या सेवेला, म्हणजे त्या अडीचशेंना जे हात पहिल्यांदा भेटतात त्यांना, मिळणारा वाटा पाच टक्क्यांच्या आसपास. आणि हेच हात पुरेसं काम करत नाहीत म्हणून मग त्यांच्यासाठी नवनवीन 'प्रोत्साहन योजना' निघतात. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?

'मूल्याधारित आरोग्यसेवा' हा शब्द इथं येतो. मराठीत या शब्दाची मोठी गंमत आहे. मूल्य म्हणजे किंमत आणि मूल्य म्हणजे ज्याच्यासाठी किंमत मोजावी असं काही. इंग्रजीतून कल्पना आणणाऱ्यांच्या मनात पहिला अर्थ जास्त होता असा मला दाट संशय आहे. २००६ साली मायकेल पोर्टर आणि एलिझाबेथ टाइसबर्ग यांनी मांडलेली व्याख्या सरळ आहे: खर्च केलेल्या प्रत्येक डॉलरमागे पेशंटच्या तब्येतीत काय फरक पडला, ते मूल्य. ऐकायला चोख. किती कामं केली ते सोडा, काय साधलं ते बघा आणि त्याचे पैसे द्या. यावर कोण कशाला भांडेल?

भांडण सुरू होतं 'काय साधलं' हे मोजायला बसल्यावर. या बाबतीत ब्रिटनइतका मोठा प्रयोग दुसऱ्या कुणी केला असेल असं मला वाटत नाही. एप्रिल २००४ मध्ये तिथल्या फॅमिली डॉक्टरांसाठी १४६ निकष आणि १०५० गुणांची एक चौकट लागू झाली. रक्तदाब अमुक आकड्याखाली आला, इतके गुण. सिगारेट ओढता का हे विचारून नोंदवलं, इतके गुण. गुण म्हणजे पैसे. डॉक्टरांनी पहिल्याच वर्षी सरासरी ९० टक्क्यांहून जास्त गुण मिळवले आणि सरकारचं अंदाजपत्रक कोलमडलं. मधुमेह, दमा यांच्या नोंदी सुधारल्या, काही काळ सेवाही सुधारली, हे मान्य केलंच पाहिजे. पण २०१६ साली इतर देशांशी तुलना करून जो अभ्यास झाला, त्यात मृत्युदरावर ठळक परिणाम दिसला नाही. त्याच वर्षी स्कॉटलंडनं ही चौकट मोडीत काढली. इंग्लंडमध्ये २०१४ साली काही निकष वगळले, तर त्या गोष्टींच्या नोंदी धडाधड खाली आल्या, सर्वांत जास्त घसरण सल्ला दिल्याच्या नोंदींत. डॉक्टर सल्ला द्यायचे थांबले, की आधीही नुसती टिकच करत होते? नोंद बघून हे कुणालाच सांगता येणार नाही, आणि माझा मुद्दा तोच आहे.

त्याच काळातला एक किस्सा मला फार बोलका वाटतो. पेशंटला ४८ तासांत डॉक्टर भेटलाच पाहिजे, असं एक उद्दिष्ट तिथं होतं. हेतूत खोट काढायला जागा नाही. २००५ च्या निवडणुकीत टोनी ब्लेअर टीव्हीवर लोकांच्या प्रश्नांना उत्तरं देत होते, तेव्हा एका बाईंनी सांगितलं की त्यांना आठवड्यानंतरची वेळ हवी होती, पण दवाखाना ती देईना. का? तर ४८ तासांपलीकडची वेळ दिली की उद्दिष्ट हुकतं! म्हणून रोज सकाळी फोन लावत बसा, लागला तर आजची वेळ मिळेल. पंतप्रधानांना हे ठाऊकच नव्हतं. चेहऱ्यावरचं आश्चर्य खरं होतं. लोकांना लवकर भेटता यावं म्हणून काढलेल्या नियमानं लोकांना आपल्या सोयीनं भेटणं बंद केलं होतं, आणि कागदावर सगळं हिरवंगार.

अमेरिकेनं याच गोष्टीचा अवतार आणखी मोठ्या पैशात केला. २०१० च्या कायद्यानं मेडिकेअरखाली नव्या पद्धती तपासण्यासाठी एक वेगळं केंद्र काढलं. पहिल्या दहा वर्षांत पन्नासहून जास्त प्रयोग झाले. ठोस बचत दाखवणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. संसदेच्या अंदाजपत्रक कार्यालयानं २०२३ साली हिशेब मांडला, तेव्हा दिसलं की बचत दूरच, या केंद्रानं त्या दशकात निव्वळ ५.४ अब्ज डॉलरचा खर्च वाढवला. त्याच सुमाराचा, २०१७ ते २०२१ असा चाललेला एक प्रयोग सुमारे तीन हजार दवाखान्यांत होता. त्यांना पेशंटमागे दरमहा वरखर्चाचे पैसे मिळाले, त्यातून नर्स, समुपदेशक नेमता आले. इस्पितळात आणि इमर्जन्सीत जाणं थोडं कमी झालं. पण दिलेले जादा पैसे वजा करता बचत शून्य, म्हणून निकाल 'निराशाजनक'.

माझं या निकालाशीच भांडण आहे. माणसं इस्पितळात कमी गेली, हे यश कधीपासून निराशाजनक झालं? हृदयाचा व्हॉल्व्ह बदलणाऱ्या विभागाला कुणी विचारतं का, की यंदा तुम्ही विमा कंपनीचे किती वाचवले? तिथं चालतं ते सरळ गणित: पैसे मोजले, आयुष्य मिळालं, बरं झालं. पहिल्या पायरीवरच्या सेवेला मात्र प्रत्येक रुपयामागे दोन परत आण, तरच दाराशी उभी राहा, अशी अट. खरं सांगायचं तर पुष्कळसं प्रतिबंधक काम पैसे वाचवत नाही. ते पैसे देऊन तब्येत विकत घेतं, तेही स्वस्तात. 'प्रतिबंध केला की खर्च वाचतो' हे घोषवाक्य आरोग्याच्या क्षेत्रातल्या आपल्याच माणसांनी गेली कित्येक वर्षं विकलं आणि आता त्याच वजनकाट्यावर त्यांना तोललं जातंय. चूक आपली आहे. ते वाक्य सोडून द्यावं.

मग पैसे द्यायचे कशाचे?

माझ्या मामांचं हृदय अशक्त आहे. पंपाची ताकद कमी झाली की अंगात पाणी साठतं, श्वास कोंडतो. दीड वर्षात त्यांना तीनदा ॲडमिट करावं लागलं. प्रत्येक वेळी तीच कथा: चार-पाच दिवस आधीपासून वजन वाढत होतं, घोटे सुजत होते, उशा एकाच्या दोन झाल्या होत्या, आणि कुणी विचारलं नव्हतं. डिस्चार्जच्या कागदावर 'गरज पडल्यास संपर्क साधावा' असं छापलेलं होतं. नंबरावर फोन केला की यंत्र बोलायचं. चौथ्यांदा मात्र तसं झालं नाही, कारण मध्यंतरी एका छोट्या दवाखान्यातल्या नर्सनं त्यांची वही सुरू केली होती. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, काही खायच्या आधी वजन करायचं आणि लिहायचं. सोमवारी आणि गुरुवारी तिचा फोन. एका गुरुवारी मामा म्हणाले, "तीन दिवसांत दोन किलो वाढलंय, काटाच बिघडला असेल." तिनं काटा बिघडला असेल हे मान्य केलं नाही. डॉक्टरला विचारून लघवीच्या गोळीचा डोस वाढवला, शनिवारी जास्तीचा फोन केला. वजन उतरलं, मामा घरीच राहिले. त्या चार मिनिटांच्या फोनचं बिल कुणी कुणाला लावलं नाही. तो दवाखाना महिन्याला माणशी ठरलेल्या रकमेवर चालतो, म्हणून तिला तो फोन परवडला. फीवर चालत असता, तर तिनं 'या, दाखवून जा' म्हटलं असतं, आणि जिना चढवत नाही म्हणून मामा गेले नसते.

पैसे द्यायचे ते या वहीचे. म्हणजे नेमकं बोलायचं तर एका ठराविक यादीतल्या माणसांची जबाबदारी घेतल्याचे: आज आलेल्यांची, आणि न आलेल्यांची तर जास्तच. फीवर चालणाऱ्या डॉक्टरला न आलेला पेशंट दिसतच नाही. यादी हातात असलेल्याला तो रात्री आठवतो. साउथ वेल्समधल्या ग्लिनकॉरुग या कोळसाखाणीच्या गावात ज्युलियन ट्युडर हार्ट नावाचा डॉक्टर होता. जिथं सेवेची गरज सर्वांत जास्त, तिथंच ती सर्वांत कमी पोचते, हा 'उलट्या सेवेचा नियम' त्यानंच १९७१ साली मांडला. हा माणूस दवाखान्यात आलेल्यांवर समाधान मानायला तयार नव्हता. त्यानं गावातल्या प्रौढांचा रक्तदाब जवळजवळ एकूण एक मोजला. सर्दीला आला तरी मोजला, आला नाही तर गाठून मोजला. पंचवीस वर्षांनंतर त्यानं जमाखर्च प्रसिद्ध केला, तेव्हा अकाली मृत्यूंचं प्रमाण शेजारच्या तशाच गावापेक्षा कमी निघालं. त्याच्याकडं ना महागडं यंत्र होतं, ना गुणांची चौकट. यादी होती, आणि तो तिथून हलला नाही.

हे न हलणं मी मुद्दाम लिहितोय. नॉर्वेत सुमारे ४५ लाख लोकांच्या नोंदींवर झालेला अभ्यास २०२२ साली छापून आला. एकाच फॅमिली डॉक्टरकडं पंधरा वर्षांहून जास्त काळ असलेल्यांमध्ये, एकच वर्ष झालेल्यांच्या तुलनेत, मृत्यूचं प्रमाण सुमारे पाव पटीनं कमी होतं. तातडीनं इस्पितळात जाणं आणि रात्रीबेरात्री डॉक्टर गाठणंही पंचवीस ते तीस टक्क्यांनी कमी. हा निरीक्षणाचा अभ्यास आहे, त्यातून कार्यकारण सिद्ध होत नाही, हे मला ठाऊक आहे. पण वर्षं वाढतील तसा फायदा पायरीपायरीनं वाढताना दिसतो, आणि हे परिणाम एखाद्या गोळीचे असते तर तिच्या जाहिराती आपल्याला झोपू देत नव्हत्या. ओळखीला पेटंट नाही, म्हणून तिचा विक्रेताही नाही.

एकट्या डॉक्टरच्या खांद्यावर हे लादायचं म्हटलं तर ते होणार नाही. अमेरिकेतल्या काही संशोधकांनी २०२२ साली हिशेब केला: अडीच हजार माणसांच्या यादीला मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सगळी सेवा द्यायची, तर डॉक्टरला दिवसाला २६.७ तास लागतील. हसू येतं खरं, पण या अशक्य तासांवरच आपण त्याला गुण देतो आणि कापतो. नर्स, आहारतज्ज्ञ, औषधं बघणारा फार्मासिस्ट असा संच धरला, तर तोच आकडा ९.३ तासांवर येतो. कोस्टा रिकानं हे कागदावर न ठेवता १९९० च्या दशकाच्या मध्यापासून उभं केलं. चार-पाच हजार लोकांमागे एक चमू: डॉक्टर, नर्स, नोंदी ठेवणारा आणि घरोघर फिरणारा आरोग्य कर्मचारी. यादीबाहेर कुणी नाही. तिथलं सरासरी आयुर्मान अमेरिकेपेक्षा जास्त आहे, माणशी खर्च तिच्या कितीतरी खाली.

आता आक्षेप. दरडोई रक्कम आधीच हातात पडली, तर डॉक्टर काम टाळेल. तपासणी लांबवेल, अवघड पेशंटला हळूच दुसरीकडं ढकलेल, धडधाकट लोकांची यादी जमवेल. हा आक्षेप खोटा नाही. फीमध्ये जास्त करण्याचा मोह असतो, दरडोईत कमी करण्याचा, आणि पगारात घड्याळ बघण्याचा. निर्मोही पद्धत कुणाला सापडलेली नाही. म्हणूनच मिसळ लागते. डेन्मार्कमध्ये फॅमिली डॉक्टरचं उत्पन्न काही यादीतल्या माणसांमागे आणि काही सेवेमागे असं येतं. लसीकरण, घरी जाऊन तपासणं, जखमेला टाके घालणं अशा ज्या गोष्टी जास्त व्हायला हव्यात, त्यांना फी असू द्या. बाकीचं यादीवर. आणि पेशंटला यादी बदलायची मुभा हवी, नाहीतर यादी म्हणजे कोंडवाडा.

आजारी माणसासाठी जास्त रक्कम द्यावी, हे ओघानं आलंच. पण 'किती आजारी' हे ज्याला पैसे मिळणार त्यालाच ठरवू दिलं, तर काय होतं ते अमेरिकेच्या मेडिकेअर ॲडव्हांटेजमध्ये, म्हणजे मेडिकेअरच्या खाजगी कंपन्यांमार्फत चालणाऱ्या भागात, बघावं. खाजगी विमा कंपन्यांना प्रत्येक माणसामागे रक्कम मिळते आणि ती त्याच्या निदानांच्या यादीवरून वाढते. मग घरी माणसं पाठवून निदानं शोधली जातात, उपचारासाठी नव्हे, नोंदीसाठी. संसदेला सल्ला देणाऱ्या आयोगाचा २०२४ चा अंदाज असा होता, की हीच माणसं सरकारी पद्धतीत असती तर झाला असता त्यापेक्षा सुमारे ८३ अब्ज डॉलर जास्त खर्च त्या वर्षी होतोय. त्याला कारणं आणखीही आहेत, पण कागदावर वाढवलेलं आजारपण हे त्यातलं मोठं. तेव्हा वय, गरिबी, वस्ती असल्या डॉक्टरला फुगवता न येणाऱ्या गोष्टींवर रक्कम ठरावी. थोडी ढोबळ होईल. होऊ दे. अचूकतेच्या नावाखाली चाललेल्या लबाडीपेक्षा ढोबळपणा परवडला.

आणि निकष? असावेत, पण चार-पाच. रक्तदाब आटोक्यात आहे का, लहान मुलांना लस मिळाली का, टाळता आलं असतं अशा कारणानं किती जण दाखल झाले, आणि पेशंट सांगतो का, की 'माझा डॉक्टर मला ओळखतो'. ते जाहीर करावेत, चर्चेला घ्यावेत. त्यांना पैशाशी घट्ट बांधलं, की नोंद चांगली होत जाते आणि पेशंट तिथंच राहतो. तसंही डॉक्टरांच्या कामाचं घड्याळ लावून निरीक्षण केलं, तेव्हा पेशंटसमोरच्या एका तासामागे संगणकावरचे आणि कागदपत्रांचे जवळपास दोन तास निघाले होते. त्यात आणखी १४६ निकषांची भर घालणाऱ्याला मी मूल्यवादी म्हणणार नाही.

एक गाठ मात्र पहिल्या पायरीवर सुटत नाही. मामा घरी राहिले त्या आठवड्यात एक खाट रिकामी राहिली, आणि रिकामी खाट हा इस्पितळाचा तोटा असतो. पहिली पायरी जितकी चांगली चालेल, तितकं वरच्या पायरीचं उत्पन्न बुडेल, आणि वरची पायरी नेहमीच जास्त ताकदवान असते. अमेरिकेतल्याच मेरीलँड राज्यानं २०१४ पासून इस्पितळांना वर्षाचं एकूण उत्पन्न आधीच ठरवून द्यायला सुरुवात केली. खाटा भरल्या म्हणून जास्त नाही, रिकाम्या राहिल्या म्हणून कमी नाही. तेव्हा कुठं तिथल्या इस्पितळांना घरी गेलेल्या पेशंटला फोन करणारी माणसं नेमण्यात स्वतःचा फायदा दिसू लागला. त्याआधीही पेशंट घरी जातच होते.